भारतीय रातवा की सॅव्हाना रातवा: छायाचित्रापेक्षा आवाजावर भर द्या

आपल्या गावच्या माळरानावर होऊ घातलेल्या वृक्षलागवडीला आपण रातवा या जमिनीवर राहणाऱ्या निशाचर पक्ष्याच्या वावराचे कारण देऊन हरकत घेतली आणि ‘प्रजाती कोणती, ते छायाचित्रासह सिद्ध करा’ असे उत्तर आपल्याला आले, हे वाचून राहवले नाही. पुणे जिल्ह्यातल्याच एका माळासाठी मलाही अगदी असेच पत्र आले होते.

रातव्याची प्राथमिक माहिती आपल्याला आहेच. माझे स्पष्ट मत असे आहे की, विजेरीच्या झोतात जमिनीवर दबून बसलेल्या पक्ष्याच्या छायाचित्रावरून भारतीय रातवा आणि सॅव्हाना रातवा या दोन प्रजातींचा निवाडा करू नये. आकारात दोघे जवळपास सारखेच असतात आणि दोघेही मुरूम व वाळल्या गवतात मिसळून जातात. भारतीय रातव्याच्या माथ्यावरच्या गडद रेघा आणि मानेमागचा पिवळसर-तांबूस पट्टा स्पष्ट दिसला तर उत्तमच. सॅव्हाना रातवा त्या मानाने फिका आणि बारीक नक्षीचा दिसतो. अधिक खात्रीची खूण मिळते ती उडताना. सॅव्हाना नराच्या शेपटीची बाहेरची पिसे जवळजवळ पूर्ण पांढरी असतात, तर भारतीय रातव्याच्या शेपटीला कडेच्या पिसांच्या टोकाशीच पांढरे ठिपके असतात. सॅव्हाना मादीच्या शेपटीत पांढरा रंग नसतो, म्हणून पांढरे दिसले नाही एवढ्यावरून ती प्रजाती बाद करू नका.

आवाज ऐकल्यावर मात्र शंका उरत नाही. शहाबादी फरशीवर टाकलेली गोटी जशी उसळत उसळत वेग घेते, तशी भारतीय रातव्याची ‘चक-चक-चक-चकर्रर्र’ ही साद असते आणि ती बहुधा बसल्या जागेवरून येते. सॅव्हाना रातवा सूर्यास्तानंतर उडता उडता ‘च्वीप’ अशी सुटी, तीक्ष्ण साद पुन्हा पुन्हा देतो.

माझ्या माळावरच्या याच सादांची ध्वनिमुद्रणे तारीख, वेळ आणि ठिकाणासह मी मला पत्र पाठवणाऱ्या कार्यालयात दिली होती. आवाज कुठलाही असू शकतो, असे सांगून ती बाजूला ठेवण्यात आली आणि पुन्हा छायाचित्राची मागणी झाली. रातवा घरटे बांधत नाही. उघड्या जमिनीवर बहुधा दोन अंडी घालतो. त्याच्या विणीचा मोठा भाग उन्हाळ्यात येतो आणि रोपांचे खड्डेही पावसाळ्यापूर्वी, म्हणजे नेमके त्याच दिवसांत खणले जातात. पत्रांची देवाणघेवाण चालू असताना माळावर यंत्र फिरले आणि ज्या उतारावर दोन्ही प्रजाती ऐकू येत होत्या, तो खड्ड्यांनी भरून गेला. गवताळ माळ दफ्तरात ‘पडीक’ म्हणून नोंदवायचा आणि मग तिथे झाडे लावल्याचे समाधान मानायचे, या वृत्तीचा मला आजही संताप येतो. ज्या जमिनीवर निसर्गतः गवतच वाढते, तिथे लावलेली दाट झाडी माळावरच्या पक्ष्यांचे घर हिरावून घेते.

म्हणून मी असे सुचवेन की, हरकतीचा सगळा भार एका प्रजातीच्या नावावर टाकू नका. दोन्ही रातवे जमिनीवरच अंडी घालतात, त्यामुळे विणीच्या काळात खोदकाम नको, हा मुद्दा दोघांनाही लागू पडतो. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. तिच्या लोक जैवविविधता नोंदवहीत, म्हणजे गावातल्या जीवजातींच्या दफ्तरात, दोन्ही पक्ष्यांची नोंद करून घ्या आणि तिची प्रत अर्जाला जोडा. मी कायद्याचा जाणकार नाही, त्यामुळे अर्जाची भाषा एखाद्या वकिलाकडून तपासून घेतलेली बरी. ध्वनिमुद्रणे ई-बर्ड या पक्षी-नोंदींच्या संकेतस्थळावर, पाहिलेल्या पक्ष्यांच्या यादीसोबत चढवा, म्हणजे तारखेसह सार्वजनिक नोंद राहील.

विणीच्या दिवसांत ध्वनिमुद्रित साद वाजवून पक्ष्याला बोलावू नका आणि अंड्यांजवळ फ्लॅश वापरू नका. रातवे रात्री रस्त्यावर येऊन बसतात आणि वाहनांखाली सापडतात. माळावरून परतताना पुढे लालसर डोळे चमकले, तर गाडी थांबवून दिवे मंद करा आणि पक्षी उडाल्यावरच पुढे निघा.