लोकगायकाने दुसऱ्यांची गाणी गायलेला, पण नुसती नक्कल नसलेला अल्बम कोणता?

नॅन्सी ग्रिफिथचा ‘अदर व्हॉइसेस, अदर रूम्स’ ऐका. १९९३ साली आला आणि पुढच्या वर्षी त्याला समकालीन लोकसंगीताचं ग्रॅमी मिळालं. टेक्सासची ही गायिका स्वतः फार चांगली गीतकार होती. तरी इथे तिने स्वतःचं एकही गाणं घेतलं नाही. ज्यांची गाणी ऐकत ती घडली, त्यांचीच गायली.

‘बूट्स ऑफ स्पॅनिश लेदर’पासून सुरुवात करा. गाणं बॉब डिलनचं, आणि या ध्वनिमुद्रणात हार्मोनिकाही त्यानेच वाजवलाय! दोन प्रेमिकांचा संवाद आहे. परदेशी निघालेली व्यक्ती पुन्हा पुन्हा विचारते, तुझ्यासाठी काय आणू? मागे राहणारी म्हणते, काही नको, तू परत ये. मग जहाजावरून पत्र येतं, परतण्याचा भरवसा नसतो, आणि तेव्हा कुठे स्पॅनिश चामड्याचे बूट मागितले जातात. नॅन्सी हे रडून गात नाही. तिचा आवाज कोवळा, बारीक. ती शब्द स्वच्छ ठेवते आणि दुःख आपोआप पोहोचतं. मला तरी मूळ गाण्याइतकंच हे जवळचं वाटतं.

गायक-गीतकार जॉन प्राइन त्याच्याच एका गाण्यात तिला साथ देतो. गीतकार टाउन्स व्हॅन झँटच्या ‘टेकम्से व्हॅली’त तिच्यासोबत गायक आर्लो गथ्री आहे, खाणकामगाराच्या मुलीची ती करुण कथा शांतपणे, एकट्याने ऐका.

आवडला तर १९९८चा ‘अदर व्हॉइसेस, टू’ हा पुढचा भागही आहे, पण आधी हाच.