मोठा ब्लोअर घेण्याआधी

प्रश्न : आमच्या पदव्युत्तर रसायनशास्त्र प्रयोगशाळेत चार फ्यूम हूड (घातक वाफा ओढून बाहेर टाकणारी, पुढे सरकती काच असलेली कपाटे) आहेत. एप्रिल-मेमध्ये खिडक्यांना कूलर लावले की आम्लाचा वास खोलीभर पसरतो आणि विद्यार्थ्यांचे डोळे चुरचुरतात. आता खिडक्या कायमच्या बंद करून एसी आणि मोठे ब्लोअर (हूडमधली हवा ओढणारे पंखे) बसवण्याचा प्रस्ताव आहे. तेवढ्याने भागेल का?
— एक प्राध्यापिका, धुळे जिल्हा

उत्तर : भागणार नाही, उलट त्रास वाढण्याची भीती आहे. हूडच्या तोंडाशी हवा सेकंदाला साधारण ०.५ मीटर इतक्या संथ वेगाने आत ओढली जाते. कूलरचा झोत तिला सहज उधळतो आणि वाफ काम करणाऱ्या मुलामुलींच्या थेट तोंडावर येते. आसपासची सर्व ज्वालाग्राही द्रावके हलवून हूडच्या तोंडाशी उदबत्ती धरून पाहा. कूलर बंद असताना धूर सरळ आत जात असेल आणि चालू करताच बाहेर वळत असेल, तर दोष ब्लोअरचा नसून कूलरच्या जागेचा आहे.

खिडक्या बंद करण्याचा विचार मात्र मला अधिक काळजीचा वाटतो. दीड मीटर रुंदीच्या हूडची काच ४५ सेंटिमीटर उघडी असेल, तर तो तासाला सुमारे १,२०० घनमीटर हवा बाहेर टाकतो, म्हणजे चार हूडना जवळजवळ ४,८०० घनमीटर हवा लागते. साधा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा गार करून फिरवतो, बाहेरची आणत नाही. हवा येण्याची वाट नसेल, तर ब्लोअर कितीही मोठा असला तरी ओढ मंदावते, बाहेर उघडणारे दार ढकलायला जोर लागतो आणि ब्लोअर बंद असलेल्या हूडमधून वास उलटा खोलीत येतो.

म्हणून बाहेरची हवा गाळून, गार करून, हूडपासून दूर, छताजवळून संथपणे सोडण्याची सोय आधी करावी. ती बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा किंचित कमी ठेवली, म्हणजे वास व्हरांड्यात जात नाही. खानदेशातला उन्हाळा कोरडा असल्याने हे गार करणे पाण्याच्या पॅडवरही होते, मात्र त्याने हवेत ओलावा वाढतो, म्हणून तराजूची खोली वेगळी ठेवावी. धूळ फार असल्यामुळे फिल्टर सहज काढता येतील असेच घ्यावेत.

ब्लोअर गच्चीवर असावा आणि नळीचे तोंड गच्चीपासून किमान ३ मीटर उंच, सरळ वर उघडणारे असावे; त्यावर छत्री बसवली की वाफ खाली दबते. निविदेत एक अट आवर्जून घाला : दारे-खिडक्या बंद असताना, चारही हूड एकाच वेळी चालवून, प्रत्येकाच्या तोंडाशी वेग मोजून दाखवल्याशिवाय शेवटचे बिल निघणार नाही.