तिसऱ्यांदा कुठल्या तोंडानं मागू?

मी समुपदेशक आहे. उपचारासाठी तिसऱ्यांदा लोकांकडं पैसे मागायची वेळ आलेल्या माणसांकडून हेच वाक्य चौथ्यांदा ऐकलं म्हणून शेवटी लिहायला घेतलं. "मॅडम, पहिल्यांदा लोकांनी भरभरून दिलं, दुसऱ्यांदा बी दिलं, आता परत कुठल्या तोंडानं मागू?" म्हणणारे चौघं वेगळे, आजार वेगळे, पण वाक्य तेच, आणि बोलताना नजर जमिनीकडंच. त्यातली एक केस सांगते. नवरा-बायको दोघांचीही परवानगी घेतलीय आणि ओळख पटेल असं बरंच काही बदललंय, म्हणून त्यांना आपण दादा-वहिनीच म्हणू.

दादांचं कोल्हापूरच्या उद्यमनगरात छोटं वर्कशॉप, दोन लेथ, एक कामगार. तालमीत वाढलेला माणूस, पेठेतल्या मंडळाचा जुना कार्यकर्ता. चार वर्षांपूर्वी पोट फुगल्यासारखं वाटायला लागलं, गॅस असेल म्हणून सहा महिने गेले, आणि सीटी स्कॅनमध्ये पोटाच्या मागच्या बाजूला नारळाएवढी गाठ निघाली. लायपोसार्कोमा, म्हणजे चरबीच्या पेशींचा कॅन्सर. मोठ्या माणसांच्या सगळ्या कॅन्सरमध्ये सार्कोमा जेमतेम एक टक्का, त्यात परत पन्नासच्या वर प्रकार, त्यामुळं 'आमच्या मामांना पण झालेला, बरे झाले' असं सांगणारा माणूस सुद्धा भेटत नाही. या जागी झालेल्या गाठीची खोड अशी की ती तिथंच परत येते आणि परत आली की मुख्य उपाय ऑपरेशनच. पहिल्या वेळी गाठीबरोबर एक किडनी पण काढायला लागली. दीड वर्षानं परत आली. आता तिसऱ्यांदा, आणि मुंबईच्या हॉस्पिटलनं दिलेलं एस्टिमेट ५ लाख ८० हजार.

वहिनी एकट्याच आल्या. पर्समधून एक लांबट वही काढून टेबलावर ठेवली, लग्नात आहेर लिहायला घेतो ना आपण तसली. पहिल्या पानावर हळदीकुंकवाचं बोट पण होतं. आत नावं, पुढं रक्कम. कुणाचे २०० तर कुणाचे २५ हजार. "ही सगळी परत करायची हाईत मॅडम. कुणाच्या हळदीकुंकवाला जायाचं म्हटलं तरी आधी वहीत बघतो, ह्यांचं किती हाईत. मग जातच न्हाई."

मी विचारलं, परत करा असं कुणी म्हटलंय का?

"म्हणाय कशाला पाहिजे? पहिल्यांदा मागताना रडू यायचं. आता तेवढी लाज बी वाटंना, आणि ह्याचीच लाज वाटत्या."

आता माझी पद्धत सांगते, म्हणजे पुढं मी कुठं घसरले ते कळेल. मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीनं काम करते, म्हणजे घडलेल्या गोष्टीपेक्षा तिच्याबद्दलचा आपला विचार जास्त त्रास देतो, तो तपासून बदलायचा. ही पद्धत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची. हे एलिस १९ वर्षांचे असताना इतके लाजाळू होते की मुलींशी बोलायची भीती घालवायला न्यूयॉर्कच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये महिनाभर बाकावर बसलेल्या अनोळखी बायकांशी जाऊन बोलले, शंभरेक जणींशी, आणि डेटला एकच तयार झाली, ती पण आली नाही! पण भीती गेली. ही गोष्ट मला इतकी आवडते की समोर लाजलेला माणूस दिसला की माझा हात आपोआप तिकडं वळतो. वहिनींना मी गृहपाठ दिला, आठवड्यात तीन फोन करायचे, तिघं नाही म्हणाले तरी चालेल, 'नाही' ऐकून आपलं काय होतं एवढंच बघायचं.

पुढच्या वेळी आल्या आणि म्हणाल्या, "केलो फोन. दोघं न्हाई म्हटली, एकानं उचललाच न्हाई. मेलो न्हाई मी." दोघी खळखळून हसलो. मी मनातल्या मनात माझी पाठ थोपटून घेतली, खोटं कशाला सांगू.

त्याच्या पुढच्या आठवड्यात त्या पार कोसळलेल्या होत्या. लोकांपुढची भीती कमी झाली होती, पण घरात दादांनी बोलणं सोडलं होतं. "ऑपरेशनच नको म्हणत्यात. मी मागत फिरतो ते त्यांना कमीपणाचं वाटतंय." चार सेशन मी फक्त वहीतल्या नावांशी बोलत बसले होते आणि ज्याच्यासाठी वही, तो माणूस खोलीत नव्हताच. पुढच्या वेळी दोघांना बोलावलं.

दादा आले. शर्ट दोन साईज मोठा झालेला, पण इस्त्री कडक. पंधरा मिनिटं वहिनीच बोलत होत्या, ते खिडकीतून खाली राजारामपुरीतल्या रिक्षा बघत होते. मी सरळ विचारलं, दादा, वहिनींनी पैसे मागितलेलं तुम्हाला आवडत नाही का?

"मागू दे की. मंडळाचा खजिनदार होतो मी अकरा वर्सं. दरवर्षी त्याच दुकानात वर्गणीला जायचो. गेल्या वर्षी दिली की म्हटला दुकानदार, तर म्हणायचो, गणपती बी दरवर्षी येतोय की. मागण्यात कसली लाज?"

मग?

बराच वेळ गप्प. मग वहिनींकडं न बघता, "माझा फोटो टाकलीस तू."

दुसऱ्या ऑपरेशननंतर आयसीयूमधला फोटो होता तो. नाकात नळी, उघडी छाती, फासळ्या दिसतायत, डोळे अर्धवट. कुणीतरी सांगितलं फोटोशिवाय लोक देत नाहीत, म्हणून वहिनींनी स्टेटसला ठेवला आणि तिथून तो तालमीच्या ग्रुपवर गेला. "त्या ग्रुपवर माझ्यासमोर जोर मारायला शिकलेली पोरं हाईत. आता वाटेत दिसली तर नमस्कार करत न्हाईत, खांद्यावर हात ठेवत्यात." हे म्हणताना त्यांनी स्वतःचाच खांदा झटकला, धूळ झाडावी तसा.

वहिनी म्हणाल्या, "फोटो टाकलो नसतो तर पैसे आले असते काय?"

"आलं नसतं कदाचित. पण इचारायचं तर होतंस."

इथं मी काहीच बोलले नाही, आणि माझ्या बावीस वर्षांच्या कामात मला ज्याचा अभिमान आहे ती गोष्ट हीच, की कधी गप्प बसायचं ते आता मला कळतं. वहिनी रडल्या. दादांनी टेबलावरचा पाण्याचा ग्लास त्यांच्याकडं सरकवला. मग वही ओढून घेतली, पानं उलटली आणि एकदम वेगळ्याच आवाजात, हिशोब तपासणाऱ्या माणसाच्या आवाजात म्हणाले, "ह्यात जमा हाय. खर्च कुठाय? गणपती झाला की आम्ही बोर्डावर हिशोब लावतो. मांडव किती, लायटिंग किती, शिल्लक किती. ज्यानं शंभर दिलं त्यो बी येऊन वाचतो. म्हणून पुढच्या वर्षी देतोय त्यो. माझा हिशोब कुठं लागलाय?"

मी एवढे दिवस आहेराच्या वहीत अडकले होते. आहेर फिरवायचा असतो, तो डोक्यावर बसतो. वर्गणीला पावती आणि हिशोब दिला की माणूस मोकळा होतो. लोक तिसऱ्या वेळी फोन उचलत नव्हते त्यात काहींची खरंच ऐपत संपली होती, पण बऱ्याच जणांना दुसऱ्या ऑपरेशनचं पुढं काय झालं हेच कुणी कळवलं नव्हतं. त्यांना फोन यायचा तो थेट पुढच्या मागणीचाच.

त्यानंतरचं काम तसं सोपं होतं. तुमच्यातल्या ज्यांच्या घरी हे चाललंय त्यांच्यासाठी थोडं सविस्तर लिहिते.

लोकांकडं जायच्या आधी सरकारी आणि ट्रस्टचे दरवाजे वाजवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे, पण ठरलेल्या उपचारांची यादी असते आणि हॉस्पिटल योजनेत असावं लागतं, म्हणून ॲडमिट व्हायच्या आधीच तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, रेशनकार्ड, आधार आणि रिपोर्ट दाखवा. धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के बेड निर्धन रुग्णांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवावे लागतात, हे काउंटरवर कुणी आपणहून सांगेलच असं नाही, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या सोशल वर्करला गाठा. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज उपचार चालू असतानाच करायचा, ते पैसे हॉस्पिटलच्या खात्यात जातात. आणि रेल्वे! उपचाराला जाणाऱ्या कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण सवलत आहे, सोबतच्या माणसाला ७५ टक्के. दादा-वहिनी चार वर्षं महालक्ष्मी एक्स्प्रेसनं पूर्ण तिकीट काढून मुंबईला जात होते, हॉस्पिटलच्या एका फॉर्मचं काम होतं.

हे सगळं वजा जाता जी रक्कम उरते तेवढीच मागा. दादांचं ५ लाख ८० हजारांवरून २ लाख १० हजारांवर आलं. आकडा नेमका असला की मागणारा पण ताठ उभा राहतो. शक्यतो पैसे थेट हॉस्पिटलच्या खात्यात भरायला सांगा आणि हिशोब घरातल्या माणसाकडं न ठेवता बाहेरच्या विश्वासाच्या माणसाकडं द्या. काय विकायचं नाही हे पण आधीच ठरवा. दादांचा भाऊ एक लेथ विकूया म्हणत होता, वहिनी गुजरीत सराफाकडं मंगळसूत्र गहाण ठेवायला निघाल्या होत्या. मंगळसूत्राचं त्यांचं त्यांनी ठरवावं, पण लेथवर घर चालतं, तो गेला तर पेशंट घरी येऊन खाणार काय? आणि महिना पाच टक्क्यानं देणाऱ्या खासगी सावकाराच्या पायरीवर तर कृपा करून जाऊ नका, त्यापेक्षा चौथ्यांदा मागा.

फोटोचं मात्र मी आता प्रत्येक घरात पहिल्यांदा विचारते. पेशंट शुद्धीत आहे, मग त्याला विचारलं का? कुठला फोटो, कुठल्या ग्रुपवर, आजाराचं नाव लिहायचं की नाही, हे त्यानं ठरवायचं. तो नको म्हणाला तर पैसे कमी येतील कदाचित, ते धरून चालायचं. शरीराचं एवढं सगळं डॉक्टर ठरवत असताना एवढी एक गोष्ट तरी त्याच्या हातात राहू दे.

दादांनी लेथवर उभं असलेला जुना फोटो निवडला. मेसेज स्वतः सांगितला, वहिनींनी टाईप केला. आधी मागच्या दोन वेळचा जमाखर्च, मग या वेळचा आकडा, आणि खाली एक ओळ, जी मी काढायला लावणार होते पण बरं झालं गप्प बसले: "पैसे नसतील तर राहू द्यात, पण फोन उचला."

सगळ्यांनी उचलला असं नाही. जाऊबाई अजून बोलत नाहीत आणि वीस-बावीस हजार शेवटपर्यंत कमी पडले, ते भिशीतून काढले. ऑपरेशन झालं, आता दर तीन महिन्यांनी स्कॅन आहे आणि स्कॅनच्या आदल्या आठवड्यात दोघंही झोपत नाहीत, त्यावर आमचं काम चालू आहे.

मुंबईला जायच्या आधी दोघं येऊन गेले तेव्हा दादांच्या खिशात मंडळाकडून मागून आणलेलं कोरं पावती पुस्तक होतं. मला दाखवायला उघडलं. पहिली पावती फाडलेली होती, स्थळप्रतीवर त्यांचं स्वतःचंच नाव, रुपये ५०१. मी बघतच राहिले तर म्हणाले, "खजिनदाराची पहिली असती मॅडम, मग दुसऱ्याच्या दारात जायाचं." आणि पुढची पावती लिहायला पेन काढून माझ्याकडं बघायला लागले.