दोर सोडायचा की स्पॉयलर बघायचे?

तुमची पोस्ट दुपारीच वाचली होती, पण सवडीने लिहावं म्हणून रात्रीपर्यंत थांबलो. सेस्ना १७२ या इंजिनाच्या छोट्या विमानावर १८० तास, ग्लायडरची (दुसऱ्या विमानाने दोराने वर ओढून न्यायच्या बिनइंजिनाच्या विमानाची) १४ उड्डाणं, मागच्या सीटवरून इन्स्ट्रक्टरचं सतत ‘पाय, पाय’, प्रत्येक लँडिंगला चुकणारा अंदाज, आणि शाळा म्हणते की अजून दोन वीकेंडमध्ये रेटिंग (ग्लायडरचा परवाना) हातात. शेवटी तुम्ही विचारलंय, ‘मला मुळात विमान उडवता येतं का?’ नऊ वर्षांपूर्वी मी घरी येऊन बायकोला हेच विचारायचो. येतं तुम्हाला. पण तुमच्या पोस्टमधल्या ‘दोन वीकेंड’ या शब्दांनी मला धडकी भरली. हे सगळं लिहितोय ते त्या दोन शब्दांमुळे.

आधीच सांगतो, मी इन्स्ट्रक्टर नाही. कॅलिफोर्नियात शिकलो, तेव्हा नियम अमेरिकेचे धरून बोलतोय. तुमच्या इन्स्ट्रक्टरचं म्हणणं वेगळं असेल तर त्याचं ऐका.

कागदपत्रांचं तुम्हाला ठाऊक असेलच. विमानाचे ४० तास झालेले असल्यामुळे ग्लायडरचे फक्त ३ तास, १० सोलो (एकट्याने) उड्डाणं, आणि चाचणीच्या आधीच्या २ कॅलेंडर महिन्यांत इन्स्ट्रक्टरबरोबर तयारीची ३ उड्डाणं. लेखी परीक्षा नाही, मेडिकलही लागत नाही. हा ३ तासांचा आकडाच आपल्यासारख्यांचा घात करतो. ती किमान अट आहे, पण शाळा ती पॅकेज म्हणून विकतात आणि आपण खुशीने विकत घेतो.

पायांचं थोडक्यात सांगतो. सेस्नाचे पंख ११ मीटर, एएसके-२१ या ग्लायडरचे १७ मीटर. एवढ्या लांब पंखांवर एलेरॉन (पंखांवरचे, विमान कलवणारे भाग) दिलं की नाक आधी उलट्या बाजूला जातं, म्हणून स्टिक आणि रडरच्या (शेपटीवरच्या सुकाणूच्या) पेडलवरचे पाय एकाच क्षणी हलले पाहिजेत. पण तुमचा पाय आळशी आहे असं मला वाटत नाही. माझी शंका आहे की तो उलटा पडतोय. आपल्याला शिकवलेलं असतं की विमान तिरकं घसरतंय का ते दाखवणाऱ्या यंत्रातला चेंडू ज्या बाजूला गेला त्या बाजूचा पाय दाबा. कॅनोपीवर (कॉकपिटच्या पारदर्शक झाकणावर) चिकटवलेल्या लोकरीच्या दोऱ्याचं बरोबर उलटं असतं. दोऱ्याचं मोकळं टोक डावीकडे गेलं तर उजवा पाय. मला हे कोणी सांगितलंच नव्हतं. पाच उड्डाणं मी चुकीचा पाय दाबून घामाघूम होत होतो.

लँडिंगचं दुखणंही ओळखीचं आहे. ग्लायडरमध्ये आपण जमिनीच्या फार जवळ बसतो, त्यामुळे सेस्नाच्या सवयीने फ्लेअर (टेकण्याआधी नाक उचलणं) उंचावर होतो. आणि आपण डोळ्यांपेक्षा अल्टिमीटरवर (उंचीच्या काट्यावर) जास्त विश्वास ठेवतो. माझ्या दुसऱ्या इन्स्ट्रक्टरने त्यावर टोपी अडकवून ठेवली, आणि चार लँडिंगमध्ये मी खिडकीतून कोन बघायला शिकलो. मुद्दाम थोडं उंच या, स्पॉयलर (पंखांवर उघडणाऱ्या, ग्लायडर लवकर खाली आणणाऱ्या पट्ट्या) अर्धे उघडे ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंना वाव राहतो. फ्लेअर सुरू झाल्यावर स्पॉयलरची दांडी जिथे आहे तिथेच धरून ठेवा. या सगळ्या चुका सरावाने जातात, त्यांनी फारसं कोणाचं नुकसान होत नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

जुलैची दुपार, सेंट्रल व्हॅलीचं ऊन, पारा ३८ च्या वर. माझं सहावं सोलो. चेकलिस्ट नीट केली होती. ‘स्पॉयलर बंद, लॉक’ हे मोठ्याने म्हटलं होतं. तेवढ्यात दुसरं ग्लायडर उतरायला आलं, म्हणून मला थांबवलं. आत भट्टी झाली होती. मी कॅनोपी उघडली आणि ‘अजून तयार नाही’ हे दिसावं म्हणून रिवाजाप्रमाणे स्पॉयलरही उघडले. पाच-सात मिनिटांनी खूण झाली. कॅनोपी लावली, स्पॉयलरची निळी दांडी पुढे ढकलली, अंगठा वर केला. चेकलिस्ट पुन्हा म्हटली नाही. दांडी पुढे गेली होती, पण शेवटचा ‘खट’ झाला नव्हता. जमिनीवर पंख गुळगुळीत दिसत होते, पंख धरणाऱ्या मुलालाही काही दिसलं नाही.

वेग वाढला की पंखावरची हवा लॉक नसलेले स्पॉयलर वर ओढते. समोरच्या सीटवरून मान वळवल्याशिवाय ते दिसत नाहीत. माझे डोळे मला टो करणाऱ्या, म्हणजे दोराने ओढणाऱ्या पॉनी विमानावर खिळलेले. ते चढत नव्हतं. मला वाटलं, उन्हाचा परिणाम. गरम हवेत इंजिन आणि पंख दोन्ही लंगडे पडतात, हे आपल्याला सेस्नावर घोटून शिकवलेलं असतं. मला त्या ज्ञानाची खात्री होती, म्हणून दुसरं कारण शोधलंच नाही. ‘दोनशे फूट’ म्हणालो तेव्हा रनवे संपून बराच मागे गेला होता.

तीनशे फुटांच्या आसपास पॉनीची शेपटी डावी-उजवी, डावी-उजवी हलायला लागली. खुणा दोन आहेत. पंख झुलवले तर अर्थ ‘आत्ताच्या आत्ता दोर सोड’. रडर हलवलं तर अर्थ ‘तुझ्या ग्लायडरमध्ये काहीतरी गडबड आहे, स्पॉयलर बघ’. कागदावर यात गोंधळाला जागा नाही. पण रडरने नाक इकडे-तिकडे गेलं की त्याच्या मागोमाग पंखही थोडे झुलतात. खडबडीत हवेत, २०० फूट दोराच्या मागून, छातीत धडधड असताना मला फक्त ‘विमान हलतंय’ एवढंच दिसलं. दोर सोडायचा पिवळा नॉब ओढला. तीनशे फुटांवर, स्पॉयलर उघडे असताना, मला वर ठेवणारी एकमेव गोष्ट मी स्वतःच्या हाताने सोडली.

वळलो. दोनशेच्या वर दोर तुटला तर रनवेकडे परत फिरायचं, हे पाठ होतं. ग्लायडर दगडासारखं खाली जात होतं आणि मला वाटलं, सिंक (खाली जाणारी हवा) लागलीय. रनवे पोचणार नाही हे दिसल्यावर, सेस्नात थ्रॉटलकडे जातो तसा डावा हात काहीतरी पुढे ढकलायला गेला, आणि निळी दांडी अर्धी मागे आलेली हाताला लागली. ढकलली, लॉक केली. तोवर ऐंशी-नव्वद फूट उरले होते. कुंपणाच्या अलीकडे अल्फाल्फा कापलेलं शेत होतं, त्यात सरळ उतरलो. चाक पाण्याच्या बांधावर आपटलं. नाकाखालचं फायबर तडकलं, माझी पाठ पंधरा दिवस धरली. बाकी काही नाही.

टो पायलट पिकअप घेऊन शेतात आला. सत्तरीचे गृहस्थ. ते म्हणाले, ‘मी स्पॉयलर दाखवत होतो, बाळा.’ त्यांच्याकडेही दोर सोडायची दांडी होती. जीव धोक्यात घालून त्यांनी ती ओढली नव्हती, कारण मला आणखी उंची मिळवून द्यायची होती. ते वाक्य ऐकून मी तिथेच बांधावर बसून रडलो. आजही टो पायलटला पहिला चहा मी देतो.

चूक माझी होती, यात शंका नाही. पण त्या शाळेबद्दलही बोलणार आहे. नाव घेत नाही. ‘तुम्ही पायलटच आहात, हे सगळं तुम्हाला येतंच’ असं म्हणून खुणांचा एक झेरॉक्स माझ्या हातात दिला होता. जमिनीवर किंवा हवेत एकदाही कोणी रडर हलवून दाखवलं नाही. आणि नंतर? विम्यातला माझा २००० डॉलरचा वाटा त्यांनी आठवड्याच्या आत मागितला, मी दिला. माझं ट्रेनिंग रेकॉर्ड मागितलं तर ऑफिसातून एकच उत्तर, ‘फाइल बघायला दिली आहे.’ सात आठवडे! तोवर तयारीच्या ३ उड्डाणांची २ महिन्यांची मुदत संपली, परीक्षकाची तारीख गेली, सीझन संपला. ज्या शाळेला शिकवायला वेळ नव्हता, तिला कागद अडवून ठेवायला मात्र होता. तुमच्या लॉगबुकातल्या प्रत्येक सहीचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा. शाळेवर विसंबू नका.

पुढच्या वसंतात एका क्लबात गेलो. सगळे हौशी, पैसे कमी, आणि दिवस लांबच लांब. सकाळी ग्लायडर ढकला, दुसऱ्यांचे पंख धरा, मग चारला तुमचा नंबर. माझं स्पष्ट मत आहे की आपल्यासारख्यांनी क्लबातच शिकावं. दुसऱ्यांचे शंभर टेकऑफ बघून जे कळतं ते ३ तासांत कळत नाही. तुमच्या भागात क्लब नसेल तर गोष्ट वेगळी. आणि चांगल्या शाळाही असतात, हे मान्य.

शिकत असताना हे करा. चेकलिस्ट मध्येच तुटली, कोणी हाक मारली, कॅनोपी उघडली, तर पहिल्यापासून पुन्हा. निळी दांडी लॉक झाल्यावर नुसतं बघू नका, मागे ओढून बघा, हलता कामा नये. टोवर चढण मंदावली तर ऊन, इंजिन, वारा यांच्या आधी मान वळवून पंख बघायचे. आणि टोवर असताना विमानाच्या फार वर जाऊ नका. तुमच्या पोस्टमधलं ‘थोडा वर राहतो म्हणजे विमान नीट दिसतं’ हे वाक्य मला आवडलेलं नाही. तुम्ही वर गेलात की दोर ओढणाऱ्या विमानाची शेपटी उचलतो आणि नाक खाली जातं. कमी उंचीवर त्यातून टो पायलटला बाहेर पडता येत नाही. विमान दिसेनासं झालं तर लगेच दोर सोडायचा.

किरकोळ: पुढे झाप असलेली टोपी नको, वरचं आकाश झाकलं जातं. मऊ गोल टोपी घ्या. पाणी दोन लिटर. थर्मल (वर चढणारी गरम हवा) सापडत नसेल तर व्हॅरिओकडे (चढ-उतार दाखवणाऱ्या काट्याकडे) टक लावण्यापेक्षा पक्षी शोधा. हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर विंचने (जमिनीवरच्या दोर ओढणाऱ्या यंत्राने) वर चढणारी ग्लायडरं मी लहानपणी तासन्‌तास बघायचो, तेव्हा घारी कुठे फिरतायत ते आधी बघायला वडिलांनी शिकवलं होतं. इथे घारींऐवजी ससाणे आहेत, एवढाच फरक. (सुट्टीत पुण्याला जाऊन विंचवर बसायचा विचार असेल तर ते प्रशिक्षण वेगळं आहे, इथल्या एरोटोच्या (विमानाने ओढून नेण्याच्या) जोरावर जाऊ नका.)

येत्या शनिवारी उडण्याआधी एक काम करा. टो पायलटला विनंती करा की विमान जमिनीवर उभं असताना रडर डावं-उजवं हलवा. तुम्ही दोराच्या टोकाशी, २०० फूट मागे, गवतात मांडी घालून बसा आणि बघा. मग दोघांनी पंखांची टोकं धरून विमान हळूच झुलवावं, तेही बघा. दहा मिनिटांचं काम आहे. त्यानंतर इन्स्ट्रक्टर मागे बसलेला असताना हवेत, भरपूर उंचीवर, दोन्ही खुणा न सांगता द्यायला लावा. आमच्या क्लबात दर मार्चमध्ये सीझनच्या पहिल्या शनिवारी आम्ही हे करतो, तीस वर्षं उडवणारेही गवतात येऊन बसतात. कसं झालं ते इथेच लिहा, मी रविवारी रात्री बघतो.