इलेक्ट्रिक गिटार कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करताना आवाज दबलेला आणि खरखरीत का येतो? नवीन ऑडिओ इंटरफेस घ्यावा का?

तुम्ही प्रश्नाच्या शेवटी लिहिलंय की मित्र म्हणतो, "आत्ता आहे तसं रेकॉर्ड कर, मिक्समध्ये सगळं नीट होतं." त्या एका वाक्यामुळे हे उत्तर लिहायला बसलोय. मिक्समध्ये, म्हणजे रेकॉर्ड झालेले ट्रॅक नंतर एकत्र जुळवताना, सगळं नीट होत नाही. आमच्या बँडची चांगली गाणी या वाक्यापायी वाया गेली आहेत.

नवीन इंटरफेस घेऊ नका. तुमच्याकडे आहे तो दोन इनपुटचा इंटरफेस (गिटारचा सिग्नल कॉम्प्युटरमध्ये नेणारी पेटी) गिटारला पुरून उरतो. तुमच्या तक्रारी तीन आहेत: आवाज दबलेला, मागे सतत गुणगुण, आणि डिस्टॉर्शन लावलं की चरचर. तिन्हींची कारणं वेगवेगळी आहेत, म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदला आणि ऐका.

आमच्याकडे काय झालं ते सांगतो. बँडमधला दुसरा गिटारवालाच मिक्सिंग करायचा. कान तयार, हात तयार, पण रेकॉर्डिंगला बसला की घाई. माझी गिटार सिंगल कॉइलची, म्हणजे तारांचं कंपन पकडणाऱ्या तिच्या पिकअपमध्ये एकच वेटोळं. हेडफोन लावले तर खाली जाड गुणगुण आणि तिच्यावर एक बारीक शिट्टी. मी म्हटलं, थांब, आधी हे कुठून येतंय ते बघू. तो म्हणाला, "अरे तू वाजव रे, मी गेट टाकतो." गेट म्हणजे ठरवलेल्या पातळीखालचा आवाज बंद करणारं प्लगइन, रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम.

गाण्याच्या शेवटी एक कॉर्ड वाजवून सोडून द्यायचा होता, तो हळूहळू विरत जाणं हाच गाण्याचा शेवट. गेट लावल्यावर तो कॉर्ड अर्ध्यावर फडफडायला लागला आणि मग कात्रीने कापल्यासारखा तुटला. थ्रेशोल्ड, म्हणजे ती पातळी, खाली घेतला की शिट्टी परत. मग त्याने नॉइज रिडक्शन टाकलं. गुणगुण गेली, पण तिच्याबरोबर तारेवर पिक घासल्याचा आवाजही गेला आणि कॉर्डच्या शेपटीला विचित्र बुडबुडे आले. "मिक्समध्ये एवढं कळणार नाही," म्हणाला. मला कळत होतं, आणि वाजवणारा मी होतो.

तो फोनवर बोलायला बाहेर गेला तेव्हा मी तारांवर हात ठेवून नुसता ऐकत बसलो. माउस हलवला की शिट्टीचा सूर बदलत होता. खिडकी वरखाली स्क्रोल केली की टिर्रर्र, टिर्रर्र. गिटारच्या पिकअपला माउसचं काय कळणार? म्हणजे ही शिट्टी कॉम्प्युटरमधूनच येत होती. लॅपटॉपचा चार्जर काढला, शिट्टी बंद. परत लावला, चालू. चार्जरच्या आत स्विचिंग सप्लाय असतो. त्याचा आणि कॉम्प्युटरच्या आतला गोंगाट यूएसबीच्या ग्राउंडवरून इंटरफेसमध्ये शिरतो. गिटारचा सिग्नल मुळात बारीक, त्याला गेन (सिग्नल मोठा करण्याचं प्रमाण) जास्त लागतो, म्हणून हा गोंगाटही त्याच्याबरोबर मोठा होतो.

उरली जाड गुणगुण. ती घरातल्या विजेची, म्हणजे ५० हर्ट्झ (काही देशांत ६०) आणि तिच्या पटी. ही गुणगुण पिकअप हवेतूनच पकडतो. मी खुर्ची हळूहळू फिरवत गेलो, तर एका कोनात ती जवळजवळ नाहीशी झाली. तिथेच बसून, लॅपटॉप बॅटरीवर ठेवून तो शेवट वाजवला. कॉर्ड पूर्ण विरला, एकही प्लगइन न लावता. दुसरा गिटारवाला परत आत आला, त्याने ऐकलं आणि म्हणाला, "हे मिक्समध्ये पण काढलं असतं." आमचं भांडण तिथून सुरू झालं ते आजतागायत मिटलेलं नाही.

ही गुणगुण काही आजची नाही. गिब्सन या गिटार कंपनीत सेथ लव्हर यांनी १९५५ च्या सुमारास हम्बकर पिकअप केला तो याच त्रासापायी. दोन कॉइल अशा जोडायच्या की बाहेरून आलेली गुणगुण एकमेकींना मारेल आणि तारांचा सिग्नल मात्र टिकेल. त्यांनीही रोग मुळाशीच पकडला. तुमच्या गिटारला हम्बकर असेल आणि तरी गुणगुण असेल, तर तारांना हात लावून बघा. हात लावल्यावर कमी होत असेल तर गिटारच्या आतलं शिल्डिंग (गोंगाट अडवणारं धातूचं आवरण) तपासा.

आता दबलेला आवाज. इंटरफेसवर 'इन्स्ट' किंवा 'हाय झेड' लिहिलेलं, इनपुट गिटारजोगं करणारं बटण असतं, काहींमध्ये ते सॉफ्टवेअरमध्ये लपलेलं असतं. ते चालू आहे का? गिटारच्या साध्या पिकअपला साधारण १ मेगाओहम इम्पिडन्सचं (विद्युतविरोधाचं) इनपुट लागतं. लाइन इनपुट १० किलोओहमच्या आसपास असतं आणि माइकचं त्याहूनही कमी. अशा इनपुटला गिटार लावली की पिकअपवर भार येतो, वरच्या सुरांची चमक मरते आणि आवाज घोंगडीखाली जातो. मग लोक ईक्यूने (वरखालचे सूर कमीजास्त करायच्या सोयीने) ट्रेबल वाढवतात. चमक येत नाही, कारण ती रेकॉर्डच झालेली नसते. वाढते ती फक्त हिस. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात थेट गिटार घालणाऱ्यांचंही हेच होतं.

चरचरीचं कारण बहुतेक वेळा कॅबिनेट सिम्युलेशन, म्हणजे अँपच्या स्पीकरची सॉफ्टवेअरमधली नक्कल, बंद असणं. गिटार अँपचा १२ इंची स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर झपाट्याने पडतो. डिस्टॉर्शनचा सगळा किरकिराट तोच गाळतो. अँपचं प्लगइन लावलं आणि कॅब किंवा आयआर (खऱ्या स्पीकरच्या आवाजाचा रेकॉर्ड केलेला नमुना) लावला नाही तर कानात डास शिरणारच. उलट पेडलमध्येही कॅब चालू आणि प्लगइनमध्येही चालू असेल तर आवाज पुन्हा दबतो. एकच ठेवा.

गेन लावताना गाण्यातला सगळ्यात जोरकस भाग ब्रिज पिकअपवर वाजवून बघा, पीक, म्हणजे मीटरवरची सगळ्यात वरची पातळी, उणे १२ डीबीच्या आसपास राहू द्या. २४ बिटमध्ये रेकॉर्ड करताना लेव्हल वर ढकलायची गरजच नसते. इनपुटलाच क्लिप झालेला (मर्यादेबाहेर जाऊन कापला गेलेला) सिग्नल नंतर धड होत नाही. विंडोज असेल तर इंटरफेसचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (कॉम्प्युटर आणि इंटरफेसमध्ये आवाज थेट नेणारं सॉफ्टवेअर) वापरा आणि सिस्टिममधल्या आवाज 'सुधारणाऱ्या' सगळ्या सोयी बंद करा. त्या बोलण्यासाठी बनवलेल्या असतात आणि विरत जाणारा सूर त्यांना गोंगाट वाटतो. पिकच्या जोराशी संबंध नसलेली टिकटिक मधूनमधून येत असेल तर बफर (कॉम्प्युटर एका दमात हाताळतो तेवढे आवाजाचे सॅम्पल) वाढवा. ४८ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटला (सेकंदाला ४८ हजार सॅम्पल) २५६ सॅम्पल म्हणजे एका बफरमागे ५ मिलिसेकंदांहून थोडा जास्त उशीर, वाजवताना चालून जातो.

९६ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटवर रेकॉर्ड करावं का, हेही तुम्ही विचारलंय. गरज नाही, ४८ पुरे. डिस्टॉर्शनच्या प्लगइनमध्ये ओव्हरसॅम्पलिंगचा (प्लगइनने आतल्या आत जास्त सॅम्पल रेटवर काम करण्याचा) पर्याय असेल तर तेवढा चालू करा.

आणि तुमच्या मित्राला एक काम द्या. तोच रिफ दोनदा रेकॉर्ड करा, एकदा चार्जर लावून आणि इन्स्ट बंद ठेवून, एकदा चार्जर काढून आणि इन्स्ट चालू ठेवून. पहिली फाइल त्याला द्या आणि दुसरीसारखी करून दाखव म्हणा. त्याच्या हातात जगातली सगळी प्लगइन्स असू देत. एका बाबतीत मात्र त्याचं खरं आहे: ड्राय ट्रॅक (अँपचा परिणाम न लावलेला थेट गिटारचा सिग्नल) स्वच्छ असेल तर अँपचा टोन नंतर हवा तसा बदलता येतो. म्हणून ड्राय ट्रॅक वेगळा ठेवाच.

हे सगळं गिटार थेट इंटरफेसला लावलेली आहे असं धरून लिहिलंय. खरा अँप असेल तर स्पीकरसमोर माइक ठेवा. १९६५ मध्ये आलेला शुअर कंपनीचा एसएम ५७ माइक लोक तिथेच ठेवत आलेत. माइक स्पीकरच्या कोनच्या (पुढच्या शंकूच्या) मध्यापासून कडेकडे सरकवला की चरचर कमी होते. अँपचं स्पीकर आउट कधीही इंटरफेसमध्ये घालू नका, इंटरफेस जळेल. व्हॉल्व्हचा अँप स्पीकर किंवा लोड न जोडता चालवला तर त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जाऊ शकतो. आणि गुणगुण जावी म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढायला कोणी सांगितलं तर ऐकू नका. अँपमध्ये बिघाड झाला तर तो करंट तारांमधून तुमच्या हातात येतो, माणसं यात मेली आहेत. बॅटरीवर रेकॉर्ड करा. चार्जर लागणारच असेल तर यूएसबी आयसोलेटर (मधला विजेचा जोड तोडून डेटा जाऊ देणारा) मिळतो, पण घेण्याआधी त्याचा वेग तुमच्या इंटरफेसला पुरतो का ते बघा, कारण स्वस्तातले बरेचसे सेकंदाला १२ मेगाबिटवर अडकतात.