नाशिकच्या सिडकोतल्या जुन्या घरात एसी लावायचाय, मोठा एमसीबी टाकून भागेल का?

नाही, असं अजिबात करू नका. तुम्ही लिहिलंय की लाकडी पट्टीवरचं जुनं ॲल्युमिनियमचं वायरिंग आहे, गिझर चालू असताना इस्त्री लावली की एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा स्विच) पडतो, आणि वायरमन म्हणतो 10 अँपिअरचा काढून 32चा टाकू. अहो, एमसीबी असतो तो वायर वाचवायला. 32चा टाकलात तर तो पडायचा थांबेल, पण वायर तापत राहील आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही.

मी नाशिकमध्येच वायरिंगची कामं घेतो. अशा घरांतला बोर्ड उघडला की स्क्रूखालची तार काळवंडलेली दिसते, वरचं प्लास्टिक बोटाने दाबलं तरी तुकडे पडतात. ॲल्युमिनियम मऊ असतं, स्क्रूखाली दबून हळूहळू पसरतं आणि जॉइंट सैल होतो. त्यावर ऑक्साइडचा थर चढतो, त्यातून वीज नीट जात नाही. सैल जॉइंट तापतो, तापला की आणखी सैल होतो.

तेव्हा वायर बदलाच, आणि तांब्याचीच घ्या. लाइट-पंख्याला दीडची, म्हणजे दीड चौरस मिलिमीटर जाडीची. 2000 वॅटचा गिझर 230 व्होल्टला जेमतेम 9 अँपिअर घेतो. त्याला अडीचची स्वतंत्र लाइन आणि 16चा एमसीबी पुरे. दीड टनाच्या एसीला मी चारची ओढतो, लाइन लांब असली तरी व्होल्टेज फारसं पडत नाही. प्रत्येक पॉइंटला अर्थिंगची हिरवी वायर हवीच, आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच) टाळू नका. शॉक लागला तर माणसाला वाचवतो तो आरसीसीबी, एमसीबी नव्हे.

वायर एफआर (आग न पसरवणारी) घ्यायची की एफआरएलएस (शिवाय धूर कमी करणारी)? थोडे पैसे जास्त गेले तरी एफआरएलएस. एफआर आग पसरू देत नाही, पण तिच्यावरचं प्लास्टिक, म्हणजे पीव्हीसी, जळताना दाट धूर आणि हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. एफआरएलएसमध्ये दोन्ही कमी. तुमच्याकडे लहान खोल्या, अरुंद जिना. तिथे माणूस आधी धुरानेच गुदमरतो.

घेताना आयएसआय मार्क आणि आयएस 694 हा वायरच्या मानकाचा नंबर बघा. शिवाय एक तार ब्लेडने खरवडून पाहा. आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, दुकानदाराला तिथेच परत करा.

पैसे वाचवायला कोणी अर्धं वायरिंग जुनं ठेवायचं म्हणेल. तसं ठेवायचंच असेल, तर तांबं आणि ॲल्युमिनियम एकत्र पिळून टेप मारू देऊ नका. पावसाळ्यातल्या ओलीने तो जॉइंट सगळ्यात आधी गंजतो.