मातीचा टी पेट कसा निवडावा आणि त्याची निगा कशी राखावी?

चहाच्या ट्रेवर ठेवायची ही छोटी मूर्ती घ्यायचीच तर बिनझिलईची घ्या. चीनच्या जिआंगसू प्रांतातल्या यीशिंगची माती यासाठी नावाजलेली. ती सच्छिद्र असल्याने चहा मुरतो, हळूहळू मंद तकाकी चढते. झिलईवाली बेडकाची मूर्ती वर्षानुवर्षं कोरीच राहते. मला 'शू करणारा पोरगा' ही पोकळ मूर्ती आवडते: आधी गरम, मग गार पाण्यात बुडवायची, पाणी आत ओढलं जातं, नंतर डोक्यावर उकळतं पाणी ओतलं की धार उडते!

रोज थोडा कोरा चहा मूर्तीच्या अंगावर ओतून मऊ ब्रश फिरवा, शेवटी गरम पाण्याने धुऊन वाळवा. साबण अजिबात नको, वास मातीत बसतो. आणि आपला दुधाचा चहा चुकूनही नाही. खाचांत साय धरते, आंबूस वास सुटतो.